नेपाळच्या वाटेवर : पैशांबरोबर चार दिवसही अधिक घ्या

भारताच्या उत्तर सीमेला लागून पूर्व-पश्चिम पसरलेला नेपाळ हा देश नकाशावर एखाद्या अरुंद पट्ट्यासारखा दिसतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे त्याची रुंदी दीडशे ते अडीचशे किलोमीटर, म्हणजे बेळगावहून पणजीस जाऊन परत यावे, त्याहून अधिक नाही. परंतु एवढ्याशा अंतरात भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटर उंचीच्या तराईतून उठते आणि जगातील सर्वोच्च शिखरापर्यंत जाऊन पोहोचते. नेपाळी लोक ज्याला सगरमाथा म्हणतात, त्या एव्हरेस्ट शिखराची उंची नेपाळ व चीन या दोन्ही देशांनी मिळून डिसेंबर 2020 मध्ये 8,848.86 मीटर अशी जाहीर केली. आठ हजार मीटरांहून उंच अशी चौदा शिखरे पृथ्वीवर आहेत; त्यांपैकी आठ नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर उभी आहेत. आपल्याकडील सर्वांत उंच कळसूबाई 1,646 मीटरांचे. यावरून तेथील डोंगरांचे माप ध्यानात यावे.

अलीकडे आपल्या गावांतूनही पुष्कळ कुटुंबे या देशाकडे जाऊ लागली आहेत. शेजारचा देश, व्हिसाची आवश्यकता नाही, आगगाडीने सीमेपर्यंत जाता येते, आणि विलायतेच्या मानाने खर्च थोडा. तेव्हा ही ओढ स्वाभाविकच आहे. मात्र जाणाऱ्या मंडळींची तयारी बहुधा पैशांपुरती झालेली असते. दिवसांचा हिशेब नीट झालेला नसतो. रजा सहा दिवसांची आणि पाहावयाची ठिकाणे बारा दिवसांची. मग ती ओढाताण भरून काढण्यासाठी रात्रीचा प्रवास, एका दिवसात तीन हजार मीटरांची चढण आणि विश्रांतीस फाटा. मैदानात अशा घाईने माणूस केवळ थकतो. डोंगरात ती जिवावर बेतते. प्रवासाची जी माहिती येथे दिली आहे, ती हे एक सूत्र मनाशी धरूनच वाचावी.

केव्हा जावे

नेपाळात पावसाळा जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो. या काळात शिखरे ढगांत दडलेली असतात, वाटांवर जळवा असतात, आणि मुख्य म्हणजे दरडी कोसळून रस्ते बंद पडतात. सप्टेंबर संपत आला म्हणजे धोका टळला असेही समजू नये. 2024 सालच्या सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात काठमांडूच्या परिसरात असा पाऊस कोसळला की, पुरात व दरडींखाली सापडून दोनशेंहून अधिक माणसे दगावली.

ऑक्टोबर व नोव्हेंबर हे उत्तम महिने. आकाश धुऊन निघालेले असते आणि पर्वत स्पष्ट दिसतात. आपल्याकडील दिवाळीची सुट्टी बहुधा याच काळात येते. तथापि दसैं, म्हणजे त्यांचा दसरा, हा नेपाळचा सर्वांत मोठा सण होय. त्या पंधरवड्यात शहरांतील लोक गावोगावी परततात, त्यामुळे बसगाड्यांत जागा मिळत नाही आणि कित्येक दुकाने व कचेऱ्या बंद असतात. तिथी पाहूनच बेत आखावा. एप्रिल-मे महिन्यांत शाळांना सुट्टी असल्यामुळे कुटुंबांना तो काळ सोयीचा. त्या दिवसांत धुरकट हवेमुळे शिखरे दूरून पुष्कळदा दिसत नाहीत, पण रस्ते कोरडे असतात. मार्च-एप्रिलमध्ये डोंगरउतारांवर लालीगुराँसची तांबडी फुले बहरतात. हेच नेपाळचे राष्ट्रीय पुष्प. नाताळानंतरच्या दिवसांत थंडी कडाक्याची असते, पण लुंबिनी, पोखरा व काठमांडू येथपर्यंत गरम कपडे घेऊन खुशाल जावे. उंच खिंडींचा विचार मात्र करू नये.

कागदपत्रे

भारत व नेपाळ यांच्यात 1950 साली झालेल्या मैत्रीच्या तहानुसार भारतीय नागरिकास नेपाळात जाण्यास व्हिसा लागत नाही. पण व्हिसा लागत नाही याचा अर्थ कागद लागत नाही असा नव्हे. प्रौढ माणसाजवळ भारतीय पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, या दोहोंपैकी एक मूळ स्वरूपात असलेच पाहिजे. आधार कार्ड सर्वत्र चालते अशी आपल्याकडे समजूत आहे. या सीमेवर ते केवळ 15 वर्षांखालील मुलांना व 65 वर्षांवरील वृद्धांना चालते. 15 ते 18 वयातील मुलांना मतदार ओळखपत्र नसते. त्यांच्याकरिता पासपोर्ट किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरीव नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला घ्यावा. विमानाने जाणाऱ्यांची तपासणी अधिक काटेकोर असते. तेथे चुकीचे ओळखपत्र दाखविणाऱ्यास दारातूनच परत फिरावे लागते.

गोव्यातील वाचकांस एक सूचना वेगळी दिली पाहिजे. तेथील पुष्कळ कुटुंबांतून कोणी ना कोणी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले असते. अशी व्यक्ती नेपाळच्या दृष्टीने परदेशी होय. भारतातील वास्तव्याचे ओ. सी. आय. कार्ड जवळ असले तरी तिला नेपाळचा व्हिसा घ्यावाच लागतो. तो काठमांडूच्या विमानतळावर व सीमेवरील प्रमुख नाक्यांवर मिळतो. शुल्क 15 दिवसांस 30 डॉलर व 30 दिवसांस 50 डॉलर. खुष्कीच्या मार्गाने जाताना भारताच्या नाक्यावर निर्गमनाचा व नेपाळच्या नाक्यावर प्रवेशाचा शिक्का पासपोर्टवर मारून घ्यावा. बसमधील इतर भारतीय प्रवाशांना तेथे थांबावे लागत नाही, म्हणून गाडी पुढे निघून जाते. तेव्हा चालकास आधीच सांगून ठेवावे. शिक्क्यावाचून आत गेलेल्या माणसाला परतताना फार त्रास सोसावा लागतो.

मार्ग

मुंबईहून गोरखपूरला जाणारी कुशीनगर एक्सप्रेस ही कोकण, गोवा व बेळगावकडील मंडळींना सोयीची. सुमारे दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून सुनौलीची सीमा जवळजवळ शंभर किलोमीटर. पलीकडे भैरहवा, आणि तेथून थोड्याच अंतरावर बुद्धांचे जन्मस्थान लुंबिनी, जेथे सम्राट अशोकाने उभारलेला शिलास्तंभ आजही पाहावयास मिळतो. हैदराबादकडील मंडळींना रक्सौलपर्यंत जाणारी थेट गाडी आहे. रक्सौलच्या पलीकडे वीरगंज. दिल्लीहून काठमांडूस विमानेही आहेत. स्वतःचे वाहन नेणाऱ्यांनी सीमेवरील ‘भन्सार’ कार्यालयात, म्हणजे जकातीच्या कचेरीत, दिवसांच्या हिशेबाने शुल्क भरून परवाना घ्यावा. परतीस एक दिवस जरी अधिक लागण्याचा संभव असला, तरी परवाना तेवढ्या दिवसांचा आधीच काढून ठेवावा.

पैसा, घड्याळ आणि पंचांग

भारताचा एक रुपया म्हणजे नेपाळचे 1.60 रुपये, 1993 पासून हा दर ठरलेला आहे, त्यामुळे कोणी कमी देऊ लागला तर तो फसवीत आहे असे समजावे. किंमत विचारताना ‘भारतीय की नेपाळी?’ हे प्रथम विचारून घ्यावे. शंभर रुपयांपर्यंतच्या भारतीय नोटा सीमेच्या परिसरात व मोठ्या गावांत सहज चालतात. त्याहून मोठ्या नोटांविषयीचे नियम अनेकदा बदललेले आहेत. निघण्यापूर्वी बँकेत चौकशी करावी आणि शंभराच्या नोटा पुरेशा जवळ घ्याव्यात. 2024 पासून भारतीय प्रवाशांना आपल्या मोबाइलवरील यू. पी. आय.ने तेथील पुष्कळ दुकानांत पैसे देता येऊ लागले आहेत. पण डोंगरातील खेड्यात वीज व जाळे यांचा भरवसा नसतो. तेथे रोख नेपाळी नोटाच कामास येतात.

नेपाळचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या पंधरा मिनिटे पुढे असते. या पंधरा मिनिटांपायी सकाळच्या बस व विमाने चुकलेली माणसे थोडी नाहीत. तेथे विक्रम संवत चालतो आणि वर्ष एप्रिलच्या मध्यास सुरू होते. त्यामुळे पावतीवर किंवा तिकिटावर आपल्या सनापेक्षा सुमारे सत्तावन्नने मोठा आकडा दिसला तर गोंधळून जाऊ नये. पण तारीख व महिना मात्र समजून घ्यावा.

मराठी माणसाला तेथे एक मोठी सोय आहे. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात. रस्त्यावरील पाट्या, दुकानांची नावे, औषधालयाचा फलक हे सर्व आपल्या गावातील चौथीचा मुलगाही वाचू शकतो. थोडे शब्द शिकून घ्यावेत. ‘तातो पानी’ म्हणजे गरम पाणी, ‘उकालो’ म्हणजे चढण, ‘ओरालो’ म्हणजे उतार, ‘पहिरो’ म्हणजे दरड, ‘अस्पताल’ म्हणजे रुग्णालय. वयाने मोठ्या पुरुषास ‘दाइ’ व स्त्रीस ‘दिदी’ म्हणून हाक मारावी. त्याने परके माणूसही आपुलकीने बोलते. आणि सर्वांत उपयोगी शब्द ‘बिस्तारै’, म्हणजे हळूहळू. वाटाडे हा शब्द दिवसातून दहादा उच्चारतात. त्याचे मोल पुढे कळून येईल.

रस्त्याचा धडा

23 ऑगस्ट 2024 रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली भारतीय यात्रेकरूंची बस तनहुँ जिल्ह्यात रस्त्यावरून घसरून मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. 27 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील बहुतेक आपल्या जळगाव जिल्ह्यातील, भुसावळ व वरणगावच्या परिसरातील होती. गावातून एकत्र निघालेली, एकमेकांच्या नात्यागोत्यातील माणसे. त्याच पावसाळ्यात, 12 जुलैच्या पहाटे, अंधार असतानाच चितवन जिल्ह्यातील सिमलताल येथे दोन बसगाड्या दरडीबरोबर त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्यांत साठांहून अधिक प्रवासी होते.

या घटना भीती घालण्यासाठी सांगितलेल्या नाहीत. दररोज हजारो माणसे या रस्त्यांवरून सुखरूप जातात. परंतु नेपाळचे महामार्ग नद्यांच्या काठाकाठाने, एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस दरी असे गेलेले आहेत. काठमांडू-पोखरा हे अंतर दोनशे किलोमीटर. मैदानात ते चार तासांचे काम, पण रुंदीकरणामुळे अलीकडच्या वर्षांत त्यास आठ-आठ, दहा-दहा तास लागलेले आहेत. तेव्हा यात्रा काढणाऱ्या संयोजकास पैसे देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबप्रमुखाने तीन प्रश्न विचारावेत. गाडीस चालक किती? डोंगरी रस्त्याचा त्यांना सराव आहे काय? आणि प्रत्येक रात्री मुक्काम कोठे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘त्या रात्री आपण प्रवासातच असू’ असे आले, तर ती यात्रा स्वस्त का पडते याचा उलगडा झाला असे समजावे. एका मुक्कामाचे भाडे वाचविण्यासाठी अंधारात घाटरस्ता काटणे हा सौदा कोणत्याही कुटुंबाने मान्य करू नये. पहाटे निघावे आणि दिवे लागण्यापूर्वी मुक्काम गाठावा. पावसाने रस्ता बंद झाला तर जेथे आहोत तेथेच राहावे. त्या एका अधिक रात्रीचे पैसे व तो एक अधिक दिवस आधीपासूनच बाजूस काढून ठेवलेला असला, म्हणजे थांबण्याचा निर्णय जड जात नाही.

डोंगरातील विमानांसही हेच लागू आहे. लुक्ल्याची धावपट्टी अवघी 527 मीटर लांब व चढाची आहे. जोमसोमला दुपारपूर्वीच काली गंडकीच्या खोऱ्यातून सोसाट्याचा वारा सुटतो, म्हणून तेथील विमाने सकाळीच उडतात. ढग आले की उड्डाण रद्द होते, आणि ते रद्द करणारा वैमानिक आपले हितच करीत असतो. 2013 साली युरोपीय संघाने सर्व नेपाळी विमान कंपन्यांस आपल्या आकाशात येण्यास मनाई केली, यावरून सावधगिरीचे कारण कळून येईल. ज्याचे परतीचे आगगाडीचे तिकीट दुसऱ्याच दिवसाचे आहे, तो माणूस विमानतळावर वादावादी करू लागतो. ज्याच्याजवळ दोन दिवस शिल्लक आहेत, तो चहा घेत बसू शकतो.

उंचीचा नियम

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काठमांडू हे सुमारे 1,350 मीटरांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतक्याच उंचीवर आहे. पोखरा तर 820 मीटरांच्या आसपास. या शहरांत कोणासही उंचीचा त्रास व्हावयाचा नाही. परंतु मुक्तिनाथ 3,700 मीटरांहून उंच, गोसाईंकुंड 4,380 मीटर आणि एव्हरेस्टच्या पायथ्याचा तळ 5,364 मीटर. जसजसे वर जावे, तसतशी हवा विरळ होत जाते. मुक्तिनाथला हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन तृतीयांशांहून थोडा कमी भरतो; एव्हरेस्टच्या तळावर तो निम्म्याच्या जवळ येतो. तेवढ्या प्रमाणात प्रत्येक श्वासाबरोबर मिळणारा प्राणवायूही घटतो. आपल्या गृहिणींना हे स्वयंपाकावरून पटेल. मुक्तिनाथच्या उंचीवर पाणी शंभर अंशांऐवजी 88 अंशांच्या आसपासच उकळू लागते, म्हणून डाळ शिजता शिजत नाही.

मनुष्याच्या शरीराला या विरळ हवेची सवय होते. पण त्याला दिवस लागतात. ते दिवस न देता माणूस वर गेला, की त्याचे डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, चक्कर येते, झोप लागत नाही. नेपाळी लोक याला ‘लेक लाग्यो’ असे म्हणतात. ‘लेक’ म्हणजे उंच पहाड. हा आजार बलदंड तरुणाला होतो आणि वृद्धाला होत नाही असेही घडते. शरीराच्या ताकदीशी त्याचा संबंध नाही, चढण्याच्या वेगाशी आहे. किंबहुना धडधाकट तरुणच अधिक सापडतात, कारण ते भराभर चढतात आणि दुखणे लपवितात.

डॉक्टरांनी सांगितलेला नियम सोपा आहे. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यानंतर आजच्या झोपेचे ठिकाण कालच्यापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक उंच असू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच ठिकाणी काढावा. दिवसा वर चढून रात्री खाली येऊन निजण्यास हरकत नाही. डोके दुखू लागले तर पुढे चढू नये; बरे वाटेपर्यंत तेथेच थांबावे. एका दिवसात बरे न वाटले, किंवा त्रास वाढला, तर खाली उतरावे. परंतु चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, स्वस्थ बसले असतानाही धाप लागली किंवा खोकल्यातून फेस येऊ लागला, तर मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आली आहे असे समजावे. मग रात्र असो, थंडी असो, रुग्णाला तत्काळ खाली नेलेच पाहिजे. सकाळची वाट पाहण्यात प्राण जातात. संशय आल्यास रुग्णास टाचेला अंगठा लावून एका सरळ रेषेत चालावयास सांगावे. ते जमत नसेल तर विलंब नको. अशा रुग्णास कधीही एकटे सोडू नये.

लसणाचे सूप घेतल्याने हा आजार टळतो असे पुष्कळजण सांगतात. सूप जरूर घ्यावे, पण त्यावर विसंबू नये. या आजाराच्या प्रतिबंधासाठी एक गोळी वापरतात. ती निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. उंचीवर मद्य व झोपेच्या गोळ्या पूर्णतः वर्ज्य कराव्यात. लहान मुलांना आपले दुखणे सांगता येत नाही, म्हणून मूल किरकिरू लागले, खाईनासे झाले, तर उंचीचाच त्रास समजून खाली यावे. हृदयाचे वा श्वासाचे विकार असलेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या संमतीवाचून तीन हजार मीटरांवर जाऊ नये.

आता मुक्तिनाथचे उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडील यात्राकंपन्यांच्या पत्रकांत ते हटकून असते. पोखऱ्याहून जीपने निघून एका दिवसात तेथे पोहोचता येते. म्हणजे 820 मीटरांवर निजलेला माणूस दुसऱ्या रात्री 3,700 मीटरांवर निजतो. साठी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांना अशा रीतीने नेणे म्हणजे त्यांच्यावर अन्याय करणे होय. वाटेत सुमारे 2,700 मीटरांवर मार्फा व जोमसोम ही गावे आहेत. तेथे एक रात्र, शक्य तर दोन रात्री काढाव्यात. मग सकाळी वर जाऊन मुक्तिनाथ पाहावे आणि त्याच दिवशी खाली परत यावे. मार्फा गाव सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे; तेथे काढलेला दिवस वाया जात नाही.

एव्हरेस्टच्या तळापर्यंत पायी जाणाऱ्या तरुणांनी लुक्ल्यापासून जाऊन-येऊन किमान बारा दिवस धरावेत. त्यांत 3,440 मीटरांवरील नामचे येथे व 4,400 मीटरांवरील दिङबोचे येथे प्रत्येकी दोन रात्री असाव्यात. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था 1973 पासून हेच काम करीत आहे. एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचे येथे व अन्नपूर्णेच्या वाटेवर मनाङ येथे हंगामात तिचे दवाखाने चालतात. दुपारी तेथील डॉक्टर प्रवाशांना उंचीच्या आजाराविषयी समजावून सांगतात. ते बोलणे अवश्य ऐकावे. भारतीय नागरिकांस सार्क देशांचे म्हणून राष्ट्रीय उद्यानांच्या व संरक्षित क्षेत्रांच्या प्रवेशशुल्कात सवलत मिळते: अन्नपूर्णा क्षेत्रास नेपाळी 1,000 रुपये व सगरमाथा उद्यानास 1,500. लांबच्या पदयात्रेपूर्वी हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च ज्यात अंतर्भूत आहे असा विमा उतरवावा. मात्र 2018 साली सरकारी चौकशीत खोट्या सुटकांचे प्रकार उघडकीस आले होते, तेव्हा साध्या थकव्यासाठी कोणी हेलिकॉप्टर मागविण्याचा आग्रह धरला तर सावध असावे.

ओझे वाहणारा सोबती

डोंगरात आपले सामान वाहण्यास हमाल मिळतो. त्याला ‘भरिया’ म्हणतात. तो डोंगरातच जन्मला, त्याला काय होणार, असे समजू नये. पुष्कळ भरिया खालच्या खोऱ्यांतील गरीब शेतकऱ्यांची मुले असतात आणि उंचीचा आजार त्यांनाही आपल्याइतकाच होतो. 14 ऑक्टोबर 2014 रोजी अन्नपूर्णेच्या वाटेवरील 5,416 मीटर उंचीच्या थोरोङ खिंडीत अवचित हिमवादळ आले. त्या आपत्तीत चाळिसांहून अधिक माणसे गेली आणि त्यांत प्रवाशांबरोबर वाटाडे व भरियाही होते. म्हणून एका भरियावर तीस किलोंहून अधिक ओझे लादू नये; दोन कुटुंबांचे सामान एकाच्या पाठीवर घालून पैसे वाचवू नयेत. त्याच्या पायांत बूट व अंगावर गरम कपडे आहेत ना, रात्री निजावयास जागा मिळाली ना, त्याचा विमा उतरविला आहे ना, हे पाहणे आपलेच काम आहे. तो आजारी पडला तर पैसे हाती देऊन त्याला एकट्याला खाली पाठवू नये. कोणीतरी सोबत द्यावे.

रीतभात व कायदा

नेपाळी माणूस सौम्य व आतिथ्यशील आहे. उष्ट्याचा विटाळ ते मानतात; आपल्या पेल्यातील पाणी किंवा ताटातील पदार्थ दुसऱ्यास देऊ नये. घरात शिरताना जोडे बाहेर ठेवावेत, चुलीत केरकचरा टाकू नये. बौद्धांचे स्तूप व मंत्र कोरलेल्या शिळांच्या भिंती नेहमी उजव्या हातास ठेवून ओलांडाव्यात. पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात केवळ हिंदूंना प्रवेश आहे. आपण बागमतीच्या पूर्व काठावरून दर्शन घ्यावे, तेथे अंत्यविधी चालू असतात त्यांची छायाचित्रे काढू नयेत. कोणाचे धर्मांतर करणे किंवा तसा प्रयत्न करणे हा 2015 च्या संविधानान्वये व 2018 मध्ये अमलात आलेल्या फौजदारी संहितेन्वये गुन्हा असून, परदेशी व्यक्तीस शिक्षेनंतर देशाबाहेर पाठविले जाते. म्हणून धार्मिक पत्रके वा पुस्तके वाटण्याचा विचारही करू नये.

तेथे साप्ताहिक सुट्टी शनिवारची, त्यामुळे नेपाळातील ख्रिस्ती लोकांची मोठी उपासना शनिवारीच होते. काठमांडूलगतच्या ललितपुरात धोबीघाट येथे पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचे ख्रिस्तमंदिर आहे. मिस्साची वेळ आधी विचारून जावे. मे 2009 मध्ये तेथे प्रार्थनेच्या वेळी बाँबस्फोट होऊन तिघींचा मृत्यू झाला होता, म्हणून दारात पिशव्यांची तपासणी झाली तर राग मानू नये.

कुटुंबासाठी एक बेत

आगगाडीचे दिवस वगळून नेपाळात बारा दिवस धरावेत. पहिला दिवस सीमा व लुंबिनी. दुसरा पोखऱ्याच्या रस्त्यास द्यावा. तिसरा व चौथा पोखऱ्यात: फेवा तलाव आणि पहाटे सराङकोटहून दिसणारी अन्नपूर्णा व माछापुच्छ्रे ही शिखरे. पाचवा व सहावा घान्द्रुक या गुरुङ लोकांच्या डोंगरी गावी. सुमारे दोन हजार मीटरांवरील या गावातून हिमशिखरे अगदी समोर दिसतात, आणि आजीपासून नातवापर्यंत कोणासही उंचीचा त्रास होण्याचे फारसे भय नाही. सातव्या दिवशी काठमांडू. आठवा व नववा त्या खोऱ्यातील पाटण, भक्तपूर, बौद्धनाथ व स्वयंभू यांसाठी. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात यांतील कित्येक वास्तू कोसळल्या होत्या. पुष्कळ आता पुन्हा उभ्या राहिल्या आहेत. दहाव्या दिवशी सीमेकडे परत. उरलेले दोन दिवस मोकळे ठेवावेत, ते कशातही भरू नयेत. सप्टेंबर 2025 मध्ये काठमांडूत आंदोलन पेटले तेव्हा विमानतळही बंद ठेवावा लागला होता. असे प्रसंग कोणास सांगून येत नाहीत. मुक्तिनाथला जावयाचेच असेल, तर आणखी चार दिवस जोडावेत. ते जमत नसेल, तर या खेपेस मुक्तिनाथ सोडावे.

निघण्यापूर्वी सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती, कोणत्या रात्री कोठे मुक्काम त्याची यादी आणि एक दूरध्वनी क्रमांक घरी राहणाऱ्या माणसाजवळ द्यावा. नेपाळात पोलिसांचा क्रमांक 100, रुग्णवाहिकेचा 102 व पर्यटक पोलिसांचा 1144. तो मुलांनाही पाठ करून द्यावा. पाणी उकळून किंवा औषध टाकून घ्यावे. नेहमीची औषधे मुदतीहून आठवडाभर अधिक पुरतील एवढी न्यावीत. आणि परतीचे तिकीट काढताना, ठरलेल्या शेवटच्या दिवसाचे न काढता त्यानंतर दोन दिवसांचे काढावे.